नेत्रवैद्याने काढलेली लष्करी शाळा

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सौंसरपासून जवळच, जामसांवली नावाचे गाव आहे. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे; २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला तेव्हा सौंसरबरोबर तेही त्यात गेले. राज्य मध्य प्रदेशाचे, पण या मुलखात मराठी घरोघर बोलली जाते आणि लोकांचा ओढा नागपूरकडे. गावचा मारुती प्रसिद्ध आहे तो त्याच्या ठेवणीमुळे. आपल्याकडचा मारुती बहुधा उभा असतो, गदा उगारलेला किंवा हात जोडलेला. जामसांवलीचा मारुती पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे.

बळ आहे पण ते निजलेले आहे, ही कल्पना मारुतीच्या कथेत मूळचीच आहे. पुढे समुद्र पसरला तेव्हा सारे वानर हताश होऊन बसले आणि जांबवंताने मारुतीस त्याच्या सामर्थ्याची आठवण करून दिली, हे सर्वांस ठाऊक असते. कथेचा दुसरा भाग मात्र आपण तालमीत जाताना विसरतो. हाच मारुती सूर्याचा शिष्य होता. गुरूच्या रथापुढे धावत धावत तो व्याकरण शिकला. आठवण दिल्याने शक्ती जागी होते, पण ती उपयोगी पडते ती शिक्षणाने. नागपूर प्रांतात हा दुसरा भाग एका गृहस्थाने जन्मभर लोकांच्या कानी घातला. ते स्वतः लढवय्ये नव्हते. धंद्याने डोळ्यांचे वैद्य होते. त्यांचे नाव डॉक्टर बाळकृष्ण शिवराम मुंजे.

मुंजे यांचा जन्म १२ डिसेंबर १८७२ रोजी बिलासपूर येथे देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८९८ साली ते डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि मुंबई नगरपालिकेच्या नोकरीत लागले. मार्ग आखलेला होता, पगार ठरलेला होता. इतक्यात १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि या तरुण डॉक्टराने नोकरी सोडून लष्कराच्या वैद्यकीय पथकातून समुद्र ओलांडला. त्याच युद्धात बॅरिस्टर गांधींनी नाताळातील हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारले होते. दोघांनी एकच युद्ध पाहिले, आणि दोघांची पुढची वाट मात्र किती वेगळी झाली!

त्या युद्धात हिंदी माणसास जखमी उचलण्याची मुभा होती. बंदूक चालविणे हे गोऱ्यांचे काम मानले गेले होते. समोर शत्रू कोण, तर शेतकरी. लहानपणापासून घोडा आणि रायफल हाताळणाऱ्या या शेतकऱ्यांना नमविण्यास ब्रिटिश साम्राज्याला सुमारे साडेचार लाख माणसे गोळा करावी लागली आणि पावणेतीन वर्षे खर्ची पडली. असे युद्ध जवळून पाहिलेला माणूस पुढे नागपुरात आपल्या मुलांच्या हाती रायफल कधी येणार, असे विचारू लागला तर त्यात नवल नाही.

परत आल्यावर मुंजे नागपुरास स्थायिक झाले आणि नेत्रवैद्य म्हणून त्यांचे नाव झाले. त्यांनी नेत्रचिकित्सेवर संस्कृतात ग्रंथ लिहिला, हे त्यांच्या राजकारणाची आठवण ठेवणाऱ्यांस पुष्कळदा माहीत नसते. नवी शस्त्रक्रिया जुन्या भाषेत सांगण्याची ही खटपट त्यांच्या स्वभावास धरूनच होती. राजकारणात ते लोकमान्यांचे निष्ठावंत. १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली तेव्हा ते टिळकांच्या बाजूस उभे होते, आणि पुढे मध्य प्रांतात तो पक्ष त्यांनीच सांभाळला. १९२० साली टिळक गेले. त्याच वर्षी नागपुरास भरणाऱ्या काँग्रेसचे अध्यक्षपद अरविंद घोष यांनी घ्यावे म्हणून मुंजे यांनी खटपट केली. अरविंदांनी नकार दिला. गांधींच्या असहकारात मुंजे यांचे मन रमले नाही. ते प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात गेले, १९२६ साली केंद्रीय विधिमंडळात निवडून आले, आणि १९२७ साली हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. ब्राह्मण असून मांसाहार करणारे आणि शिकारीची आवड बाळगणारे म्हणून जुन्या वळणाचे लोक त्यांच्यावर नाराज असत. त्याची त्यांनी कधी फिकीर केली नाही.

मुंजे यांच्या आग्रहाचे मोल समजण्यास त्या काळचे हिंदी लष्कर कसे होते ते पाहावे लागते. १८५७ नंतर, विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना, सरकारने असे ठरवून टाकले की हिंदुस्थानातील काही जाती तेवढ्या जन्मतः लढाऊ, बाकीच्या नाहीत. मुंबई आणि मद्रास इलाख्यांची भरती आटत गेली. ज्या महारांनी कंपनीच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली होती, त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. मराठा पलटणी राहिल्या, आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात त्यांनी नाव कमावले. पण त्यांचे अधिकारी इंग्रज. हिंदी शिपाई सुभेदारापर्यंत चढे आणि तेथे थांबे. नुकत्याच शाळेतून आलेल्या गोऱ्या पोराचा हुकूम पांढऱ्या मिशांच्या सुभेदारास मानावा लागे.

१९१८ साली हा दरवाजा किंचित उघडला. इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात वर्षाला दहा जागा हिंदी मुलांसाठी ठेवल्या गेल्या, आणि त्याच सुमारास इंदूरच्या डेली कॉलेजात एक तात्पुरता वर्ग काढून काही तरुणांस अधिकारपदासाठी तयार केले गेले. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी सरसेनापती झालेले करिअप्पा हे याच इंदूरच्या वर्गातले. पण सँडहर्स्टला गेलेल्या मुलांपैकी बरेच नापास होऊन परत येऊ लागले. सरकारी गोटातून म्हटले गेले की पाहा, हे रक्तातच नाही. खरे कारण साधे होते. इंग्रज मुलगा आठव्या-नवव्या वर्षापासून वसतिगृहाच्या शाळेत राहून शिस्त, खेळ, पुढारीपण आणि भाषा शिकून तेथे येई. आपला मुलगा थेट घरच्या ओसरीवरून जाई. या उणिवेसाठी १९२२ साली डेहराडूनला पूर्वतयारीची शाळा निघाली, आणि १९२६ साली स्कीन समितीने देशातच सँडहर्स्टसारखे विद्यालय काढावे, असे सुचविले.

लष्कर शहरातल्या जुन्या घरांना या प्रश्नाची दुसरी बाजू वेगळी सांगावयास नको. आपल्या शहराचे नावच मुळी १८१० च्या सुमारास पडलेल्या दौलतराव शिंद्यांच्या तळावरून आले. त्यापूर्वी १७८४ साली महादजींनी डी बॉइन या सेनानीस चाकरीस घेतले आणि युरोपी पद्धतीची कवायती पलटण उभी केली. १७९० साली पाटण आणि मेडता येथे या कंपूंनी पराक्रम केला. शिपाई येथलेच, तोफाही येथे ओतलेल्या. मात्र वरचे अधिकारी फ्रेंच, इंग्रज, अँग्लो-इंडियन असे पगारी. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच वेलस्लीने जाहीरनामा काढून या अधिकाऱ्यांस फोडले. डी बॉइनच्या जागी आलेला पेराँ स्वतः इंग्रजांच्या आश्रयास गेला. नोव्हेंबरात लासवारीस पलटणी अधिकाऱ्यांवाचून उभ्या राहिल्या आणि इतक्या शर्थीने लढल्या की लेकसारख्या शत्रूलाही त्याची कबुली द्यावी लागली. पण लढाई हरली. महादजींनी उत्तम शिपाई तयार केले. त्या शिपायांस नेणारे आपले तरुण तयार करण्याची शाळा मात्र निघाली नाही, आणि अधिकारी उसने आणलेले सैन्य ऐन वेळी निर्नायकी झाले. नागपूरकर भोसल्यांचे सैन्यही त्याच महिन्यात आडगावास मोडले आणि पुढे १८१७ साली सीताबर्डीच्या टेकडीखाली त्याचा उरलासुरला जोर संपला. मुंजे त्याच सीताबर्डीच्या शहरात राहत होते.

विधिमंडळात असताना मुंजे यांनी शाळा-कॉलेजांतील मुलांस कवायत आणि नेमबाजी शिकवावी ही मागणी लावून धरली. १९३० च्या अखेरीस ते पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि तेथेही संरक्षणाच्या प्रश्नावर त्यांनी हाच धोशा चालू ठेवला. परिषद संपल्यावर ते सरळ घरी आले नाहीत. युरोपातील लष्करी शाळा आणि व्यायामसंस्था पाहात ते फिरले, आणि १९ मार्च १९३१ रोजी रोम येथे मुसोलिनीस भेटले. इटलीत मुलांना लहानपणापासून गणवेशात घालून संचलन शिकविणारी बालिला नावाची संघटना त्यांनी पाहिली आणि ती त्यांच्या मनात भरली.

मुंजे यांच्या चरित्रातील हा भाग झाकून पुढे जाणे बरोबर होणार नाही. आपल्या योजनेच्या लेखी मसुद्यात त्यांनी युद्धशिक्षणाचा हेतू अगदी उघड्या शब्दांत मांडला आहे : शत्रूची माणसे जास्तीत जास्त मारणे आणि आपली कमीत कमी गमावणे. वैद्याने लिहिलेले हे शब्द वाचताना अंगावर काटा येतो. शिवाय इटलीत त्यांनी जे पाहिले ते सैनिकी शिक्षण नव्हतेच; ते एका पक्षाच्या आणि एका माणसाच्या भक्तीचे शिक्षण होते. त्याची परीक्षा दहा वर्षांत झाली. १९४० साली इटलीचे सैन्य युद्धात उतरले आणि ग्रीसमध्ये व आफ्रिकेत त्याची दाणादाण उडाली. १९४३ साली खुद्द मुसोलिनीची सत्ता गेली. पोरांनी वर्षानुवर्षे केलेले संचलन कामास आले नाही, कारण नकाशा वाचणे, रसद पोहोचविणे, हाताखालच्या माणसाचा जीव जपणे आणि चुकीच्या हुकमाचा विचार करणे यांतले काहीच पायाच्या ठोक्याने येत नाही. प्रशियाने १८०६ साली येना येथे नेपोलियनकडून मार खाल्ल्यावर जे केले ते याच्या उलट होते : शार्नहोर्स्टच्या पुढाकाराने अधिकारपद कुळावर न देता शिक्षणावर देण्याचे ठरले आणि १८१० साली बर्लिनला अधिकाऱ्यांचे विद्यालय निघाले. तेथे गणित आणि इतिहास कवायतीइतकेच महत्त्वाचे होते. मुंजे यांनी युरोपात दोन्ही वाटा पाहिल्या असतील. भुरळ मात्र त्यांना झगमगत्या वाटेची पडली.

परंतु इंग्लंडहून परतल्यावर त्यांच्या हातून जे काम झाले ते दुसऱ्या, खऱ्या वाटेचे होते. १९३१ साली सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी लष्करी विद्यालयाची समिती नेमली गेली. तीत मुंजे सभासद होते. ग्वाल्हेर दरबारचे मेजर-जनरल राजवाडे हेही तीत होते. सर शिवस्वामी अय्यर आणि राजवाडे यांनी आपली वेगळी टिपणी जोडली, कारण हिंदी अधिकारी तयार करण्याचा सरकारी वेग त्यांना पुरेसा वाटला नाही. १९३२ च्या ऑक्टोबरात डेहराडूनचे विद्यालय सुरू झाले. पहिल्या तुकडीत ४० तरुण होते. त्यांत माणेकशा नावाचा एक पारशी, मूसा नावाचा एक मुसलमान आणि स्मिथ डन नावाचा ब्रह्मदेशचा एक कारेन होता. पुढे या तिघांनी अनुक्रमे भारत, पाकिस्तान आणि ब्रह्मदेश यांच्या सैन्यांचे नेतृत्व केले. एका वर्गातून तीन देशांचे सेनापती निघाले, आणि तिघांपैकी एकाचीही जात किंवा धर्म त्या वर्गात प्रवेशास आडवा आला नव्हता.

विद्यालय झाले, पण तेथपर्यंत मुले पोहोचविणाऱ्या शाळा हव्या होत्या. मुंजे यांनी म्हातारपणी हेच काम अंगावर घेतले. १९३५ साली नाशकास सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. साठी उलटलेला हा गृहस्थ संस्थानिकांच्या वाड्यांतून आणि सावकारांच्या पेढ्यांवरून देणग्यांसाठी फिरू लागला. अमळनेरच्या प्रतापशेठजींसारख्यांनी हात सैल सोडला. १२ जून १९३७ रोजी भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. मार्च १९३८ मध्ये आपले जिवाजीराव महाराज शाळेच्या समारंभासाठी नाशकास गेले होते. शाळेच्या आवारास रामभूमी आणि तेथल्या मुलांस रामदंडी म्हणण्याची प्रथा पडली. शाळेचा नेहमीचा अभ्यास, आणि त्याबरोबर कवायत, घोडदौड, नेमबाजी, पोहणे, असा तेथला क्रम. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कारकून, वकील आणि मास्तर निघाले त्या घरांची मुले घोड्यावर बसू लागली.

संगीत शिकविणाऱ्यास या गोष्टीचे मर्म चटकन उमगते. दरबारी गवयांच्या घरात विद्या बापाकडून मुलाकडे जाई आणि चार भिंतींत राही. बाहेरच्या मुलास गळा असला तरी दार बंद. घरच्या मुलास गळा नसला तरी तंबोरा त्याचाच. १९१८ साली माधवराव महाराजांनी पंडित भातखंड्यांच्या साह्याने ग्वाल्हेरास माधव संगीत विद्यालय काढले तेव्हा जुन्या मंडळींनी नाके मुरडली, की शाळेत का कोठे गवई होतो! एकट्या शाळेने गवई होत नाही हे खरेच. पण शाळेमुळे विद्या रक्ताची न राहता कष्टाची झाली. ज्याची मेहनत त्याची विद्या, असा नियम झाला. सरकारने लढाऊ आणि बिनलढाऊ जातींची जी यादी केली होती ती म्हणजे एक प्रकारची घराणेशाहीच होती. मुंजे यांच्या शाळेने त्या यादीस कृतीने उत्तर दिले.

मात्र उत्तर अर्धेच राहिले. संस्थेच्या नावातच त्यांनी हिंदू हा शब्द घातला होता, आणि सैनिकी शिक्षण हे त्यांच्या मते प्रथम एका समाजाचे बळ वाढविण्याचे साधन होते. जातीची यादी मोडणाऱ्या माणसाने धर्माची रेघ मात्र ठेवली. डेहराडूनच्या पहिल्या तुकडीपुढे ही रेघ फार तोकडी वाटते. व्यावसायिक सैन्याचा अधिकारी आपल्या हाताखालच्या शिपायास तू कोणाचा, असे विचारीत नाही. आणि देशाचे सरकार बदलले तरी त्याची शिस्त बदलत नाही. हे शिक्षण नेमबाजीपेक्षा कठीण आहे, आणि ज्या देशांनी ते दिले नाही त्यांच्या पलटणी बराकीतून राजवाड्यावर चालून गेल्याचे आपल्या शेजारीच दिसले आहे.

दुसऱ्या महायुद्धाने मुंजे यांचे मूळचे म्हणणे सिद्ध केले. १९३९ साली हिंदी अधिकारी चारपाचशेच्या आसपास होते. १९४५ साली त्यांची संख्या आठ हजारांवर गेली. ज्या जाती यादीत नव्हत्या त्यांतून हे पुष्कळसे आले. १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. स्वातंत्र्य आले तेव्हा इंग्रज अधिकारी निघून गेले, पण १८०३ ची पुनरावृत्ती झाली नाही. पलटणींस नेणारी आपली माणसे, थोडी का होईना, तयार होती.

मुंजे यांनी हे स्वातंत्र्य जेमतेम पाहिले. मार्च १९४८ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, नाशकास त्यांचे निधन झाले. गांधीजींच्या हत्येस तेव्हा महिना उलटला होता आणि हिंदुमहासभेवर लोकांचा रोष होता. अशा दिवसांत गेलेल्या माणसाचे गुणदोष शांतपणे तोलले जात नाहीत. पुढेही त्यांचे अनुयायी त्यांचे गुण तेवढे सांगत राहिले आणि विरोधक दोष तेवढे.

नाशिकची शाळा आजही चालू आहे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ साली सुरू झाली. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यास निघाली. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, आणि लढणे हे कोणाच्या रक्तात असते या जुन्या वादाचा आणखी एक धागा तुटला. जुन्या सरदार घराण्यांच्या दिवाणखान्यांत आजही पूर्वजांच्या तलवारी लटकलेल्या असतात आणि त्यांचा अभिमान बाळगावा हे योग्यच. पण त्या घरातल्या मुलास सैन्यात जावयाचे असेल तर त्यास परीक्षा द्यावी लागते, आणि शेजारच्या शिंप्याच्या मुलीसही तीच द्यावी लागते. हा न्याय आणण्यात नागपूरच्या त्या नेत्रवैद्याचा वाटा मोठा आहे. त्याने जितके दूरचे पाहिले त्याहून थोडे अधिक रुंद पाहिले असते तर तो वाटा आणखी मोठा झाला असता.